मानपानाचा प्रोग्रॅम

आमच्या सरांनी जन्मात एकच प्रोग्रॅम लिहिला आणि तोही कधी पुरा केला नाही. दर लग्नसराईनंतर ते त्यात काहीतरी नवीन घालायचे. प्रोग्रॅमचं नाव 'मानपान', आणि त्याचं काम एवढंच, की लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर छापायचं ते ठरवायचं.

हसू आलं असेल तर आमच्याकडे येऊन एकदा पत्रिका छापून बघा. कर्जत-खालापूर पट्ट्यात नवरानवरीचं नाव पत्रिकेत असतं, पण ते कोणी वाचत नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. माणूस घडी उघडतो आणि थेट खाली उतरतो. तिथे काका, मामा, आत्याचे यजमान, आजी-माजी सरपंच आणि समस्त भावकी दाटीवाटीने उभी असते. तिथे तो आधी स्वतःला शोधतो, मग आपल्या डोक्यावर कोण बसलंय ते बघतो, आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवतो. छापखान्यावाल्यांनी यापायी शिव्या खाल्ल्यात, आणि एकाने तर मारही. सरांचा प्रोग्रॅम आल्यापासून ते हात वर करून सांगायला लागले, "आमी नाय केलं हो, कॉम्प्युटरनं केलं." एवढ्या एका वाक्यासाठी कर्जत, चौक, खालापूर सगळीकडच्या छापखान्यांनी 'मानपान' घेतला होता.

सरांचा कॉम्प्युटर क्लास कर्जतला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि पडद्यावरचा बाण कोणी न हलवता डावीकडे सरकायचा. कळफलकात तांदळाचं पीठ जाऊन बसायचं. बारावीनंतर मी तिथे शिकले. आज नेरळला घरी बसून मुंबईच्या कंपनीचं काम करते ती त्या पिठाच्या जोरावर, असं सर भेटेल त्याला सांगायचे. मधल्या माझ्या इंजिनिअरिंगचा उल्लेख ते टाळत.

दिसायला सर उंच आणि वाळके. खांद्यावर बाराही महिने टॉवेल. त्या टॉवेलने घाम आणि मॉनिटर दोन्ही पुसायचे, आधी कोणतं याचा नेम नसे. लाइट सदानकदा जायची, त्यामुळे सेव्ह करणं हा त्यांचा धर्म होऊन बसला होता. तेही एकदा नाही. "एकदा आपल्यासाठी, एकदा लायटीसाठी, एकदा पितरांसाठी," असं म्हणत तीनदा बटण दाबायला लावायचे. रस्त्यात माणसं 'जेवलात का' विचारतात, तसे हे "सेव्ह केलं का?" विचारायचे. थोरल्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि सरांनी भटजींना विचारलं, "झालं ना सेव्ह?" भटजी कर्जतचेच होते. ते म्हणाले, "झालं."

सर आता नाहीत, म्हणून एवढं मोकळेपणाने लिहितेय. असते तर आधी या लेखात भटजींचं नाव काकूंच्या आधी कसं आलं म्हणून मला झापलं असतं. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. त्या पुढे येतीलच.

प्रोग्रॅमचे पैसे सर घ्यायचे, पण त्याहून मोठी त्यांची एक अट असायची. 'मानपान'वर निघालेली प्रत्येक पत्रिका त्यांना आली पाहिजे. ती आली की ते त्या लग्नाला जायचे. ओळख असो वा नसो. याला ते टेस्टिंग म्हणत. पहिल्या पंगतीला कधी बसायचे नाहीत. "पहिल्या पंगतीला मानाची माणसं बसतात, त्यांच्याकडून काय कळणार? रुसलेला माणूस शेवटच्या पंगतीला सापडतो, तोपण घरचे ओढून आणतात तेवा," असं त्यांचं निरीक्षण. मग बुफे आले आणि सर हवालदिल झाले. "आता कसं वळखायचं गं? माणूस ताटली घेऊन नुसता फिरतोय. रुसलाय का चमचा शोधतोय, काय कळायला मार्ग नाय."

चौकच्या एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होते. नवरीचा मामा मांडवाबाहेर टेंपोच्या फाळक्यावर बसून राहिला होता. आत यायला तयार नाही. कारण त्याचं नाव 'समस्त ग्रामस्थ मंडळा'च्या खाली छापलं होतं. घरातली माणसं हातापाया पडत होती. सर गर्दीतून पुढे गेले आणि डॉक्टर पोट दाबून विचारतात तसं विचारायला लागले, "नक्की कुठं लागलं? गावाच्या खाली आला ते, का मावशीच्या नवऱ्याच्या शेजारी आला ते? का टाइप बारीक वाटला?" मामा आधी चिडला, मग सांगायला लागला, मग रडकुंडीला आला. सगळं ऐकून घेतल्यावर सर त्याला तिथेच सोडून जेवायला गेले. मी म्हटलं, "सर, त्यांना आत तरी आणायचं." तर म्हणाले, "मनवायचं काम घरच्यांचं. मी आजार शोधायला आलोय."

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅममध्ये नवा नियम पडला. असे शेकड्यांनी नियम होते. दोन काकांत जमिनीची केस चालू असेल तर त्यांची नावं लागोपाठ घेऊ नयेत, मध्ये आत्याचे यजमान घालावेत. माजी सरपंचाच्या नावाआधी नुसतं 'मा.' लिहावं, ज्याला माननीय वाचायचं त्याने माननीय वाचावं. मुंबईच्या पाहुण्यांना वरचं स्थान द्यावं, पण एवढंही वर नको की गावच्यांना दिसेल.

आणि हातानं नाव हलवायची सोय कुठेच नव्हती. छापखानेवाले गळ घालायचे, "सर, येक बटण द्या की वरखाली करायचं." सर म्हणायचे, "बटण दिलं की जो येईल तो दाबणार. मग माझा प्रोग्रॅम कशाला, चिठ्ठ्या टाका."

याच हट्टापायी त्यांचा सख्खा भाऊ तुटला.

थोरल्या लेकीची पत्रिका अर्थातच 'मानपान'वर निघाली. प्रोग्रॅममध्ये एक नियम होता, की गावात राहतो तो आधी, तालुक्याबाहेरचा नंतर. नियम वाईट नव्हता. मांडव घालायला, पाणी भरायला, वाढायला गावातलीच माणसं असतात. पण सरांचे मोठे भाऊ, म्हणजे दादा, खालापूरला सरकारी नोकरीत होते आणि तिथेच घर बांधून राहिले होते. खालापूर तालुका वेगळा. प्रोग्रॅमने त्यांना उचलून दोन चुलतभावांच्या खाली तिसरं बसवलं. ज्या भावाने सरांना शिकवलं, पहिला कॉम्प्युटर घ्यायला स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, तो तिसरा. आणि सरांनी ते तसंच छापलं.

दादांनी फोन केला. "पळसदरी वलांडली की मी पाहुणा झालो काय रं?" सर म्हणाले, "मी नाय, नियम म्हणतोय." दादांनी फोन ठेवला आणि ते लग्नाला आले नाहीत. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. घरच्या ग्रुपवर दोघंही होते, रोज सकाळी दोघंही फुलांचे फोटो टाकायचे, पण एकाने टाकला की दुसरा लगेच दुसरा टाकून पहिल्याचा वर ढकलायचा. खालापूरकडच्या लग्नांत दोघंही दिसायचे. दोघंही शेवटच्या पंगतीला, दोन टोकांना. अख्ख्या मांडवातले रुसवे टिपणारे सर त्या टोकाकडे मान वळवायचे नाहीत. मला त्यांचा फार राग यायचा. इतका हुशार माणूस आणि इतका गाढव, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ते म्हणाले, "नियम लिहिताना भाऊ कोणाचा ते बघायचं नसतं."

पुढे काळ बदलला. छापखान्यांतले जुने कॉम्प्युटर एकेक करून बसले आणि नव्यांवर 'मानपान' उघडेना. मालकांची पोरं म्हणायला लागली, लिंक असेल तर द्या, मोबाइलवर करतो. नाहीतर फुकटची ॲपं ढिगाने आहेत. सरांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मग धाकट्या लेकीचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात सरांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरने मान टाकली.

रविवारी सकाळी ते नेरळला माझ्या दारात उभे. रिक्षातून आले होते, मांडीवर तो जुना डबा टॉवेलात गुंडाळून. "काढ यातून," म्हणाले. "ब्राउझरात टाक. माझ्या पोरीची पत्रिका फुकटच्या ॲपमधून निघाली तर मी मांडवात तोंड कुठं दाखवू?"

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. जुना प्रोग्रॅम एका कॉम्प्युटरच्या पोटात राहतो, तिथे त्याचंच राज्य असतं. ब्राउझरमध्ये चालवायचा तर तो नव्या भाषेत परत लिहावा लागतो, मग तो कुठेतरी दूर ठेवलेला असतो आणि लोक मोबाइलवरून लिंक दाबून तिथे जातात. सरांना हे अजिबात पटायचं नाही. ब्राउझर म्हणजे त्यांच्या मते भाड्याची खोली. "खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. प्रिंटरला हात लावायचा तर मालकाला विचारा. आपल्याच फाइलीला हात लावायचा तर हा विचारतो, परवानगी हाय काय? तू कोण रं?"

डब्यातून प्रोग्रॅम निघाला. त्यातला मराठी टाइप जुन्या पद्धतीचा होता, त्यामुळे ब्राउझरमध्ये पहिल्यांदा उघडला तेव्हा चि. सौ. कां.च्या जागी दोन कंस आणि एक टक्का उमटला. सर म्हणाले, "पोरगी बरी दिसतेय." पुढे मी रोज संध्याकाळी कर्जतला त्यांच्या घरी जाऊन बसायची. एकेक नियम ते तोंडी सांगायचे, त्यामागचं लग्न सांगायचे, कोण कुठे रुसून बसला होता ते सांगायचे आणि मी नव्या भाषेत लिहायची. नव्या प्रोग्रॅममध्ये सगळं आपोआप सेव्ह व्हायचं, हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस काम बंद ठेवलं. "मला न विचारता सेव्ह करतो म्हणजे काय?" शेवटी मी एक सेव्हचं बटण करून दिलं. ते दाबलं की काहीही होत नसे. सर ते तीनदा दाबायचे आणि निवांत व्हायचे.

एका गोष्टीवर मात्र छापखान्यांची पोरं अडून बसली. बोटानं नाव धरून वरखाली सरकवता आलं पाहिजे, नाहीतर आम्ही घेणार नाही. सर खूप बडबडले. पण 'मानपान' कोणी घेतलाच नाही तर तो आपल्याबरोबरच जाणार, एवढं त्यांना कळत होतं. "घाल," म्हणाले. "पण मी नाय हलवणार."

तालुक्याचा नियम आला तेव्हा मी हात थांबवला. म्हटलं, "सर, इथे दादांपुरता एक अपवाद टाकू?"

"अपवाद टाकला की तो प्रोग्रॅम राहत नाय. ग्रामपंचायत होते."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पिठाचे. काकू कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "थोरलीच्या वक्ताला मी गप बसले. या वारी थोरले भावजी मांडवात नसले, तर कन्यादानाला तुमचं तुमी येकटं बसा. मी नाय येणार."

सरांनी टॉवेलने मॉनिटर पुसला. मग मला म्हणाले, "लिही. तालुक्याबाहेरचा नंतर." मी लिहिलं. काकूंनी त्या दिवशी मला चहा दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

पत्रिकेचा मजकूर भरला तो रविवार होता, दुपारची वेळ. प्रोग्रॅमने नावं लावली. भिसेगावचे चुलतभाऊ पहिले, त्यांचे धाकटे दुसरे, खालापूरचे दादा तिसरे. सरांनी त्या तिसऱ्या नावाकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि मग सेव्ह दाबलं. मी त्यांना लिंक दिली आणि म्हटलं, छापखान्याला पाठवा. त्यांनी आधी घरच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'कच्ची पत्रिका. ज्याने त्याने आपापले नाव बघून घ्यावे.'

सरांचा सगळा जन्म फ्लॉप्या आणि सीड्या वाटण्यात गेला होता. फाइल दिली म्हणजे ज्याला त्याला आपापली प्रत मिळते, त्याने तिकडे काय वाटेल ते करावं, आपल्या घरची शाबूत. लिंक म्हणजे पण तेच, असा त्यांचा समज.

भावकी जेवून आडवी झालेली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. आम्ही पडद्याकडे बघत असतानाच धाकट्या चुलतभावाचं नाव हललं आणि थोरल्याच्या वर जाऊन बसलं. थोरल्याचं परत वर आलं. मग दहिवलीचे आतेभाऊ खालून निघाले आणि दोघांनाही ओलांडून गेले.

"माझ्या कॉम्प्युटरला कोण हात लावतंय?" सर ओरडले.

"तुमच्या नाही सर. ही एकच पत्रिका आहे, सगळ्यांच्यात तीच उघडलीय."

"मी कॉपी पाठवली."

"लिंकची कॉपी नसते सर. तुम्ही अख्ख्या भावकीला घरात घेतलंय."

नावं आता कबड्डी खेळल्यासारखी वरखाली पळत होती. कुणाच्यातरी बोटाने आजोबांच्या आधीचं 'कै.' उडालं आणि ते आत्याच्या यजमानांना चिकटलं. यजमान स्वतः त्या वेळी लिंकवरच होते. त्यांनी ते काढलं, कुणीतरी परत घातलं. मी म्हटलं, "बंद करते." सरांनी माझा हात धरला. "थांब. बघू दे." चेहरा असा खुललेला, की मला हसावं की रागवावं कळेना. शेवटच्या पंगतीत बसून ज्याचे नुसते तुकडे मिळायचे, ते सबंध समोर चाललं होतं. "बघ, बघ, हा मेव्हणा आज कळला मला," असं म्हणत टाळ्या पिटत होते.

मग एकदम थांबले. "दादा कुठाय?"

प्रत्येकजण स्वतःला वर ओढत होता, त्यामुळे ज्याला कोणी ओढत नव्हतं ते नाव खाली खाली जात शेवटी मंडप डेकोरेटरच्या खाली जाऊन पडलं होतं. सरांचा चेहरा उतरला. "बंद कर," म्हणाले.

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात आणखी एकजण आल्याचं दिसलं. आत येताना ज्याने त्याने आपलं नाव टाकायचं, अशी मी सोय ठेवली होती. या माणसाने टाकलं होतं, 'खालापूरचा पाहुणा'.

काकू येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर डेकोरेटरखालचं दादांचं नाव निळं झालं, म्हणजे कोणीतरी त्यावर बोट ठेवलं होतं. मग ते पुसलं गेलं. काकू म्हणाल्या, "झालं. संपलं सगळं." सर उठायला गेले आणि परत बसले. इतकं म्हातारं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग खाली, पत्रिकेच्या अगदी कोपऱ्यात, लाल अक्षरं उमटली. 'वय दहापेक्षा जास्त आहे. नाव घेता येत नाही.' तो कोपरा चिल्ल्यापिल्ल्यांचा. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली थोरलीच्या पोरांची नावं, रियांश आणि स्वरा. मोठ्यांनी तिथे घुसू नये म्हणून नावाबरोबर वय भरायचा नियम सरांनीच कधीकाळी घातला होता. लाल अक्षरं गेली, परत आली. परत गेली, परत आली. खालापुरात कोणीतरी चिकाटीने तेच तेच करत होतं.

सरांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो काकूंपुढे धरला. काकूंनी हात पाठीमागे बांधले. "तुमचा हाय. उचला."

सरांनी उचलला, आणि इतक्या वर्षांनी सख्ख्या भावाशी पहिलं वाक्य बोलले ते हे, "बोला, काय अडचण हाय?"

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती. "तुझा प्रोग्रॅम बिघडलाय. मोठ्यांत तू मला बसवत नाय. पाहुण्यांत मला बसायचं नाय. म्हटलं पोरांत बसतो, तर तिथं म्हणतो वय जास्त हाय. आता कुठं बसू, तूच सांग रं."

सरांनी फोन दोन्ही हातांत धरला.  मग म्हणाले, "दादा, फोन ठेवू नको," आणि माझ्याकडे वळले. "तो वयाचा नियम काढ."

"आजच्यापुरता?"

"मुळातून काढ."

मी काढला. सर फोनमध्ये म्हणाले, "आता कर." लाल अक्षरं आली नाहीत. रियांश, स्वरा यांच्याखाली नाव उमटलं, 'गुंड्या'. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मी वळून बघितलं नाही.

"माझं पण घाल," सर म्हणाले. त्यांनी मला त्यांचंही घरातलं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

मी विचारलं, "वर घालू की खाली?"

"खाली गं. मी धाकटा हाय."